शेजारी वैरी कां झाला?

घाटावरचें कन्नड १९४८ पर्यंत निजामी मुलखांत होतें. घाटाखालचें चाळीसगांव मुंबई प्रांतांत. त्या वर्षीं १३ सप्टेंबरला हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या व १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. रझाकारांचा जुलूम सरला. पण कथा तेथें संपत नाहीं.

पुढील कांहीं आठवड्यांत मराठवाड्यांतील अनेक गांवांतून मुसलमान रयतेची कत्तल व लुटालूट झाली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींच्या चौकशी मंडळानें संस्थानांतील मृतांची संख्या २७ ते ४० हजार अंदाजिली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा येथें कहर झाला. औरंगाबाद त्या मानानें कमी पोळलें. हा अहवाल दीर्घकाळ दप्तरांतच पडून होता.

मारणारे कोण? श्रोतेहो, त्यांतले पुष्कळसे रझाकारांनीं नागविलेले शेतकरीच होते. त्यांची जखम खरी होती. परंतु घाव बसला तो हाताशीं सांपडलेल्या निरपराध शेजाऱ्यावर. पुढें मयताचीं शेतें व दुकानेंहि बळकावलीं गेलीं. सूडाला शेत कशाला हवें? शिवाय अहवाल सांगतो कीं, कित्येक ठिकाणीं फौजेंतील व पोलिसांतील माणसेंच लुटीस चिथावीत होतीं. दंडुकेवालाच पुढें झाल्यावर एरव्हीं भिणारा मनुष्यहि कचरत नाहीं.

तरी सारेच त्या लोंढ्यांत वाहिले नाहींत. कांहीं गांवीं मुसलमान विणकरांच्या रक्षणास त्यांच्याच धंद्यांतले हिंदु विणकर उभे राहिले, आणि त्यांतील कित्येकांनीं त्यापायीं प्राणहि दिले.