तीनशे वर्षे न सापडलेला कोन

ताऱ्यांच्या अंतरांचे आकडे आता शालेय पुस्तकांतूनही सर्रास छापले जातात. अमुक तारा इतक्या प्रकाशवर्षांवर आहे हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. ते अंतर मोजले कोणी, कोणत्या साधनाने, आणि त्यापूर्वी किती जणांनी प्रयत्न करून हात टेकले, हे त्या पुस्तकांत नसते. असलेच तर यशस्वी झालेल्याचे नाव तेवढे असते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. ज्योतिर्गणितात आमचा अधिकार नाही. तथापि इतिहास शिकविता शिकविता या एका प्रकरणाची आम्हांस गोडी लागली, आणि त्यात हरलेल्या पक्षावर अन्याय होत आला आहे असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

तत्त्व अगदी साधे आहे. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना रुळांलगतची बाभळ झरझर मागे जाते, पलीकडचे शेत सावकाश सरकते आणि क्षितिजावरचा डोंगर आपल्याबरोबरच चालल्यासारखा वाटतो. पाहणाऱ्याची जागा बदलली की जवळची वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने सरकलेली दिसते. ते सरकणे कोनाने मोजता आले आणि आपण स्वतः किती हललो हे ठाऊक असले, म्हणजे त्रिकोण सुटतो आणि अंतर हाती येते. या कोनास आपल्या ज्योतिषग्रंथांत लंबन हे नाव आहे, व त्यावाचून सूर्यग्रहणाचे गणित होत नाही. चंद्राच्या दैनंदिन गतीचा पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारे ५३ कला, हे सिद्धांतकारांनी चंद्राचे परम लंबन धरले. आजचे मध्यम मान ५७ कला आहे. तोच नियम सूर्यास लावून त्यांनी सुमारे ४ कला हे उत्तर काढले. खरे मान ९ विकलांहूनही थोडे कमी आहे. सर्व ग्रह दररोज सारखीच योजने चालतात, हे गृहीत या नियमाच्या मुळाशी होते. चंद्रापाशी ते निभावले, सूर्यापाशी कोसळले.

ताऱ्यांच्या बाबतीत पृथ्वीची रुंदी पुरत नाही. त्यासाठी पृथ्वीच्या कक्षेचा व्यास पाया म्हणून घ्यावा लागतो. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हा पाया प्रथमच उपलब्ध झाला. पृथ्वी खरोखरच सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिलेला तारा किंचित सरकलेला दिसलाच पाहिजे. तो सरकत नव्हता. तारे अतिशय दूर आहेत म्हणून हे सरकणे दिसत नाही, असे कोपर्निकसने सांगितले. पण ते उत्तर होते, पुरावा नव्हता.

येथे ट्यूको ब्राहे याचे नाव येते. त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या ह्वेन बेटावर त्याने दुर्बिणीवाचून, मोठमोठ्या धातुयंत्रांनी वेध घेतले, आणि त्याची अचूकता एका कलेच्या आसपास पोचली. त्यासही ताऱ्यांचे लंबन आढळले नाही. तेव्हा त्याने हिशेब मांडला की कोपर्निकसचे खरे मानले, तर तारे शनीच्या किमान सातशेपट दूर असले पाहिजेत. आणि ठळक तारे डोळ्यांस एकदोन कला रुंद दिसतात, म्हणजे एकेक तारा पृथ्वीच्या कक्षेएवढा विशाल असला पाहिजे. हे त्यास अशक्य वाटले, म्हणून पृथ्वी स्थिर आहे असे त्याने ठरविले. पुस्तके त्यास हट्टी व जुन्यास चिकटून बसलेला म्हणून रंगवितात. आम्हांस ते मान्य नाही. त्याच्या तर्कात खोट नव्हती. खोट होती ती ताऱ्याच्या दिसणाऱ्या रुंदीत. ती रुंदी डोळ्याने निर्माण केलेला भास आहे, हे त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. १६०१ साली तो वारला, तेव्हा दुर्बीण अजून आकाशाकडे वळलेली नव्हती.

दुर्बीण आली आणि आशा वाढली, उतावीळपणाही वाढला. लंडनमध्ये रॉबर्ट हूक याने १६६९ साली घराच्या छपरास भोक पाडून उभी दुर्बीण बसविली, डोक्यावरून जाणाऱ्या कालेय समूहातील एका ताऱ्याचे अवघे चार वेध घेतले, आणि लंबन सापडल्याचे १६७४ साली जाहीर केले. ते चूक होते. पुढे १७२५ च्या डिसेंबरात मॉलिन्यू व ब्रॅडली यांनी त्याच ताऱ्यावर दुर्बीण रोखली. तारा सरकला, पण भलत्याच वेळी. लंबनाने ज्या महिन्यांत सरकावयास हवा त्यापासून तीन महिन्यांच्या फरकाने. ब्रॅडलीने हे कोडे १७२८ साली सोडविले. सरळ पडणाऱ्या पावसात चालताना छत्री पुढे कलती धरावी लागते, तशीच धावत्या पृथ्वीवरून ताऱ्याच्या प्रकाशाकडे पाहताना दुर्बीणही सुमारे २० विकला कलती धरावी लागते. पृथ्वी फिरते याचा प्रत्यक्ष पुरावा असा, लंबन शोधताना, पण लंबनावाचूनच मिळाला. आणि लंबनाविषयी ब्रॅडलीने काय म्हटले? ते एका विकलेएवढे असते तर आपणांस दिसले असते. म्हणजे ते त्याहून कमी आहे, आणि तारा सूर्याच्या दोन लाखपटींहून दूर आहे. ‘सापडले नाही’ याला इतकी नेमकी मर्यादा घालणे, हे हूकच्या ‘सापडले’ याहून आम्हांस शतपटीने मोलाचे वाटते.

याच सुमारास आमच्या माळव्यात सवाई जयसिंगाची उज्जैनची वेधशाळा उभी राहत होती. तेथे विद्यार्थ्यांना घेऊन जाताना आम्हांस अभिमान वाटतो आणि थोडी खंतही वाटते. चुन्यादगडांची ती यंत्रे ट्यूकोच्या परंपरेतली आहेत. ती कला मोजू शकतात, विकला नाही.

विल्यम हर्शेलने लंबनासाठी जोडताऱ्यांच्या याद्या केल्या. त्यांतील कित्येक जोड्या परस्परांभोवती फिरताना त्यास आढळल्या. लंबन मात्र नाहीच.

अखेर ते सापडले केनिग्सबर्ग येथे. फ्रीडरिख बेसेल हा मूळचा ब्रेमेन येथील एका व्यापारी पेढीवरचा उमेदवार. विश्वविद्यालयात तो शिकलेला नव्हता. त्याची पहिली हुशारी तारा निवडण्यात दिसते. इतर लोक ठळक तारे जवळचे समजून त्यांच्यामागे लागत. बेसेलने हंस समूहातील एकसष्ट क्रमांकाचा, डोळ्यांस जेमतेम दिसणारा तारा घेतला. कारण तो वर्षाला पाच विकलांहून अधिक स्वतःच्या गतीने सरकतो, आणि दृष्टीसमोरून भराभर जाणारी वस्तू बहुधा जवळची असते. दुसरी गोष्ट त्याच्या साधनाची. फ्राउनहोफर या कारागिराच्या कार्यशाळेत तयार झालेल्या त्या दुर्बिणीचे भिंग मधोमध कापून दोन अर्धुके केलेली होती. एक अर्धुक स्क्रूने सरकवून एका ताऱ्याची प्रतिमा शेजारच्या फिकट ताऱ्याच्या प्रतिमेवर आणावयाची आणि स्क्रूचे फेरे वाचावयाचे, एवढेच काम; पण ते त्याने ऑगस्ट १८३७ पासून वर्षभराहून अधिक काळ केले. हे यंत्र १८२९ साली केनिग्सबर्गला पोचले, त्याच्या तीन वर्षे आधीच फ्राउनहोफर अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी मरण पावला होता.

१८३८ साली उत्तर आले: ०.३१ विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सुमारे सोळा किलोमीटरांवरून जेवढे दिसेल तेवढा हा कोन. त्यावरून तारा सूर्याच्या ६,५७,७०० पट दूर ठरला. आजचे मान ०.२८६ विकला, म्हणजे सुमारे ११.४ प्रकाशवर्षे. स्ट्रूव्हने १८३७ साली अभिजितचे मान ०.१२५ विकला असे दिले होते, पण पुढे स्वतःच ते बदलून जवळजवळ दुप्पट केले. आज मान्य असलेला आकडा त्याच्या पहिल्याच आकड्याशी जुळतो! हेंडरसनने तर दक्षिण आफ्रिकेतील केप येथे १८३२-३३ मध्ये मित्र ताऱ्याचे वेध घेतले होते. त्यांतील लंबन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले, तोवर मान बेसेलकडे गेला होता.

या पायावर पुढे बरेच काही उभे राहिले. २०१३ साली पाठविलेल्या आणि २०२५ च्या आरंभी वेध थांबविलेल्या गाया या युरोपीय यानाने सुमारे दीडशे कोटी ताऱ्यांची लंबने मोजली. आमच्या शिक्षकबंधूंना मात्र आम्ही एकच तारा दाखवावयास सांगू. आश्विनात पाऊस उघडला की रात्रीच्या पहिल्या प्रहरी हंस डोक्यावर असतो. त्याच्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याच्या आसपास, गावच्या दिव्यांपासून दूर जाऊन शोधल्यास, बेसेलचा तो फिकट तारा तीक्ष्ण डोळ्यांच्या मुलास अजून सापडतो.