पहिला हक्क कोणाचा?

* परदेशी मदतीच्या निधीवर समुद्रापारच्या आपल्या प्रदेशांच्या रास्त गरजांचा पहिला हक्क आहे, असे ब्रिटिश सरकार सांगत आले आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाची वस्ती जेमतेम साडेचार हजार. विमानतळ होण्याआधी केप टाउनहून बोटीने पाच दिवसांची वाट होती. तिथल्या विमानतळासाठी या निधीतून २८.५ कोटी पौंड ठेवले गेले. पण २०१६ मध्ये धावपट्टीवरचे उलटसुलट वारे आडवे आले आणि नियमित प्रवासी विमानसेवा सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला.

त्याच वर्षी सप्टेंबरात इर्मा वादळाने कॅरिबियनमधल्या अशाच एका ब्रिटिश प्रदेशाला, अँग्विलाला, झोडपले. मात्र दरडोई उत्पन्न जास्त, म्हणून तिथला खर्च आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ‘विकास मदती’च्या रकान्यात दाखवता येईना. छप्पर उडालेल्या कुटुंबाला त्या सरासरीचा काय आधार? जवळचे माँटसेरात हे ब्रिटिश बेट तेवढे मदतपात्र यादीत होते.