उरलेल्या मेणाची घरीच करा मेणबत्ती; मेण थेट आचेवर ठेवू नका

बाभुळगाव : रात्री लाईन गेली की मेणबत्ती लागतेच. जळून उरलेले तुकडे फेकू नका, त्यांची नवी मेणबत्ती होते.

जुन्या वाती काढून मेण डब्यात घ्या. डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. साधं मेण ६० अंशांच्या आसपास वितळतं. पाणी १०० च्या वर तापत नाही, म्हणून मेण पेटायची भीती कमी. पाणी मात्र आटू देऊ नका.

वातीला सुती दोराच घ्या, नायलॉनचा वितळतो. दोऱ्याला पीळ देऊन मेणात बुडवा, वाळवा. कागदी कपात काडीला बांधून मधोमध सोडा अन् मेण ओता. गार झाल्यावर कप फाडा.

मेण पेटलंच तर पाणी टाकू नका, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण ठेवा. लेकरांना लांबच ठेवा.