‘झिंगाट’ आणि वरातीतले मौन

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव. २९ एप्रिल २०१६ रोजी त्यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ गावोगावच्या वरातींत वाजू लागले. वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडला झाले, तरी गाण्यांचा बाज मातीतलाच राहिला. २०१८ मध्ये ‘धडक’मधून हे गाणे हिंदीत गेले, मात्र कथा उदयपूरला नेताना जातीचा प्रश्न बोथट करण्यात आला. आपल्याकडेही वेगळे काय घडले? पाटलाची मुलगी आणि मासेमाराचा मुलगा यांच्या खुनापाशी संपणाऱ्या चित्रपटाचे गाणे, जात पाहूनच जुळवलेल्या लग्नांत बेभान नाचले गेले. समाजाने ठेका उचलला, प्रश्न तिथेच ठेवला. तो पुन्हा वरातीसमोर मांडणे हे चळवळीचे काम आहे.