गाढवाचा नांगर, सोन्याचा नांगर आणि आमचं परसदार

मंडळी, "गाढवाचा नांगर फिरवणे" हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी शाळेत मार्कांसाठी पाठ केलाय. अर्थ - पूर्ण उद्ध्वस्त करणे. वाक्यात उपयोग करून मोकळे झालो. पण पुणेकरांसाठी हा नुसता वाक्प्रचार नाही, इथला पत्ता आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे गाव जाळलं, वेशी पाडल्या आणि गाढवाचा नांगर फिरवला. वर एक लोखंडी पहार ठोकून तिला तुटकी वहाण लटकवली असंही सांगतात. म्हणजे, इथे पुन्हा वस्ती करेल त्याचं वाटोळं होईल, अशी पाटीच.

पुढची गोष्टही पाठ आहे. जिजाबाई बालशिवाजीला घेऊन आल्या, सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवला, शाप उतरला. आपण फोटो काढून पुढे जातो. मला मात्र त्या गोष्टीतला फोटो न निघणारा भाग जास्त आवडतो. तो म्हणजे दादोजी कोंडदेवांनी लावलेली साऱ्याची पद्धत. (दादोजींवरून जे वाद झाले त्यात मी शिरत नाहीये, वीकेंड दोनच दिवसांचा असतो. :-) ) पडीक जमीन जो लागवडीला आणेल त्याला पहिल्या वर्षी अगदी नाममात्र सारा. मग दर वर्षी थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि बऱ्याच वर्षांनी मलिक अंबरच्या पूर्ण दराला यायचं. लांडग्यांचा सुळसुळाट झाला होता, तर लांडगा मारून आणणाऱ्याला बक्षीस.

याचा अर्थ नीट बघा. सोन्याचा नांगर हा लाँच इव्हेंट. खरं काम हा सपोर्ट पिरियड. उलथलेली जमीन एका दिवसात जागेवर येत नाही हे त्या माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते चक्क हिशेबात धरलं होतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमच्या परसदारातून गेलेला चर. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला काही जुनी बैठी घरं अजून तग धरून आहेत, त्यातलं एक आमचं. गेल्या वर्षी गल्लीत मोठा पाइप टाकायचं काम निघालं. गल्लीत जागा नाही म्हणून तो चर आमच्या परसातून तिरपा गेला. रीतसर नोटीस होती, बाबांनी सही केली होती, त्याबद्दल तक्रार नाही. साधारण तीन फूट रुंद, पाच फूट खोल. जेसीबीने एका दुपारी खणला, पंधरा दिवस उघडा ठेवला आणि एका सकाळी बुजवला. बिलात त्याला "जागा पूर्ववत करणे" म्हणतात. पूर्ववत म्हणजे काय, तर वरून सपाट!

आपल्या इंजिनिअर लोकांसाठी सोपं करून सांगतो. जमीन ही स्टॅक आहे. शेवटी आलेलं सगळ्यात वर. इकडची गोष्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सुरू होते, जेव्हा लाव्हा पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. तो झिजून झिजून मुरूम झाला आणि मुरमाचं आणखी बारीक होऊन काळी माती. वितभर काळ्या मातीला हजारो वर्षं लागतात. खणताना आधी वरची काळी माती निघते, मग मुरूम, मग दगड. ढीग एकच केला तर काळी माती ढिगाच्या तळाशी आणि मुरूम वर. आता जेसीबीवाला ढीग ढकलतो तो वरून किंवा कडेने, जसा हाताला येईल तसा. बुजवल्यावर आमच्या परसात वर आला पिवळट मुरूम, खडी आणि सिमेंटचा लगदा. काळी माती गेली चार फूट खाली, जिथे तिचा कोणालाच उपयोग नाही. कुदळ मारली की ठण्ण आवाज.

यात एवढं काय, चार ब्रास माती विकत आण आणि टाक, असं मित्र म्हणाले. पण ती माती आमच्या जागेतली नव्हतीच मुळी, आणि त्यासाठी १९६१ मध्ये जावं लागेल.

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून व्हायच्या आतच सकाळी फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळलं आणि दुपारी तेही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. रात्रीपर्यंत पाणी ओसरलं आणि मागे राहिला गाळ. आजी तेव्हा बावीस वर्षांची, लग्न होऊन वर्ष झालेलं, नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या. ती सांगते, "अरे, चूल कुठे होती तेच सापडेना. गुडघाभर चिखल आणि त्याला तो वास." त्यानंतर पूरग्रस्तांना शहराच्या दक्षिणेला आणि टेकड्यांच्या कडेला जागा मिळाल्या. सहकारनगर वगैरे भाग असाच वसला. पेठेतली माणसं मोकळ्या माळावर आली. आज इथला जागेचा भाव ऐकून आपल्याला चक्कर येते, पण तेव्हा "कुठे रानात राहायला गेलात" असं नातेवाईक विचारायचे म्हणे.

आमचे आजोबाही काही वर्षं भाड्याने राहून शेवटी इकडे आले. जागा मिळाली ती मुरमाड, उताराची. घर बांधायला झकास, झाडाला मात्र काही नाही. नदीचा गाळ कसदार असतो, तेव्हा स्वस्तात मिळतही असे, पण आजोबांनी तो बागेत कधी येऊ दिला नाही. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आजीने विचारलं नाही. त्यांनी माती आणली दौंडकडच्या मावसभावाच्या शेतातून, येणाऱ्या ट्रकमधून, पाच-सहा पोती एका वेळी. पुढे गुलटेकडीला बाजार उभा राहिला, पेठांमधला घाऊक व्यापार इकडे आला आणि आजोबांना खजिनाच सापडला. भुसार विभागातलं फाटकं बारदान, भाजीचा पाला, आणि दसरा-दिवाळीनंतर न खपलेला झेंडू! तो हातगाडीवर घालून आणायचा आणि झाडांच्या बुडाशी पसरायचा. तीसएक वर्षं हेच. मुरमावर हातभर माती तयार झाली ती अशी. निसर्गाचा हजारो वर्षांचा कारभार एका कारकुनाने पोत्यांनी उरकला म्हणा ना.

ती माती एका दुपारी खाली गेली. विकत आणता येईल, पण ती नाही.

आता गंमत बघा. या आपल्या भागाच्या जवळूनच अशी एक पाइपलाइन जाते, जिच्या दुरुस्तीसाठी कोणाचं परस खणावं लागलं नाही. कात्रजचा नळ. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास बांधायला घेतला. कात्रजच्या तलावातून निघून धनकवडी, सहकारनगर, स्वारगेट करत पेठांमध्ये आणि शनिवारवाड्यापर्यंत. पंप नाही, मोटर नाही, सगळं उताराच्या जोरावर. नळ म्हणजे हाताच्या जाडीचा नळ नव्हे, माणूस चालू शकेल असं दगड-चुन्याचं भुयार. आणि ठरावीक अंतरावर उच्छ्वास. उच्छ्वास म्हणजे वर येणारी उभी विहिरीसारखी तोंडं. हवा खेळावी, पाण्यावरचा दाब मोकळा व्हावा आणि गाळ काढायला माणूस आत उतरावा म्हणून. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हे सगळे त्या पाण्यावर भरायचे.

मला त्यातली स्थापत्यकला कळते असा दावा नाही, पण डिझाइन कळतं. पुढे कधीतरी दुरुस्ती लागणार हे गृहीत धरून जो दरवाजा ठेवतो तो खरा इंजिनिअर. आपण दरवाजा ठेवत नाही, म्हणून दर वेळी भिंत पाडतो. पाण्याला एकदा, गॅसला एकदा, केबलला एकदा... उच्छ्वासांचं आपण काय केलं? कित्येकांवर इमारती उभ्या राहिल्या, काहींमध्ये ड्रेनेज सोडलं. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना पाण्याचं जुनं भुयार सापडलं तेव्हा पेपरात "गूढ भुयार" म्हणून बातमी! आपल्याच शहराचं डॉक्युमेंटेशन आपण हरवलं की असं होतं.

आणि खणलेल्या, बुजवलेल्या, वळवलेल्या गोष्टी गप्प बसत नाहीत. आंबिल ओढा नानासाहेबांनीच वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. ते तळं पुढे कोरडं पडलं आणि आज तिथे सारसबाग आहे. ओढा मात्र आपली वाट विसरला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात पर्वतीजवळ मुठा कालव्याचा भराव फुटला (कारणांमध्ये घुशींचंही नाव आलं, घुशींनी प्रतिक्रिया दिली नाही), आणि जवळपास एका वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर भागात घरांत शिरला. सीमाभिंती कोसळल्या. त्या पावसाने पुण्यात आणि आजूबाजूला वीसहून अधिक माणसं गेली. आमच्याकडे नुसती वीज गेली होती. आजी मात्र रात्रभर जागी होती, दर तासाला दार उघडून अंगणात पाणी आलंय का बघत.

असो. परसदाराकडे येतो.

चर बुजवला तो एप्रिलमध्ये. पहिला निर्णय हा की लगेच काही लावायचं नाही. नर्सरीतून लॉनचे गालिचे आणून चार दिवसांत हिरवंगार करता येतं, एका शेजाऱ्यांनी केलंही. पहिल्या मोठ्या पावसात गालिचासकट वीतभर खचलं. नव्याने भरलेला चर खचणारच, त्याला पाऊस पिऊ द्यावा लागतो. आम्ही चराच्या रेघेवरचा फूट-दीड फूट मुरूम उचलून बाजूला काढला. सिमेंटचे लगदे वेचून टाकले, कारण त्याने माती चुनखडीसारखी होते आणि झाडं पिवळी पडतात. खालचा भराव वीतभर थरांत, पाणी मारून धुम्मसने चोपला. पण वरच्या दीड फुटाला धुम्मस लावायचं नाही, तिथे मुळांना श्वास हवा. उच्छ्वासच की तो!

वर आणलेली काळी माती घातली, तीही कमी पडली. मग पालापाचोळा. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोलकर, गणिताचे प्राध्यापक आणि प्रयोग परिवाराचे प्रणेते, आयुष्यभर हेच सांगत राहिले की झाड मातीतून जेवढं घेतं त्याहून कितीतरी जास्त सूर्यप्रकाशातून आणि हवेतून मिळवतं, तेव्हा झाडाचा पाला झाडाकडे परत जाऊ द्या, जाळू नका. मार्केट यार्डाशेजारी राहणाऱ्याने पाला कमी आहे म्हणणं म्हणजे नदीकाठी तहानेने मरणं. शनिवारी सकाळी बारदान घेऊन फूलबाजाराकडे गेलं की काम होतं. आयटीतला पोरगा सडका झेंडू गोळा करतोय हे बघून एका हमालकाकांनी विचारलं, "नोकरी गेली का रे?"

जूनमध्ये चराच्या रेघेवर ताग पेरला. ताग हे द्विदल, मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नायट्रोजन मातीत आणतं. दीड-एक महिन्यात फुलावर आलं की कापून तिथेच गाडायचं. पाऊण माणूस उंचीचं पिवळं फूल बागेतल्या शोभेच्या झाडाला लाजवेल असं असतं, ते कापायला जीवावर येतं, पण ठेवलं तर खोड चिवट होतं, लवकर कुजत नाही.

झाडांचं काय? लिंबू गेलं. त्याची मुख्य मुळं चराच्या मधोमध होती. पारिजातकाची एका बाजूची मुळं जेसीबीच्या दातांनी फाटली होती. फाटलेलं मूळ तसंच ठेवलं तर सडतं, म्हणून करवतीने स्वच्छ कापलं आणि जेवढी मुळं गेली त्या मानाने वरच्या फांद्याही छाटल्या. आजीला ते अजिबात पटलं नाही. "आधीच जखमी, त्यात तू आणखी काप." पण निम्म्या मुळांवर पूर्ण झाडाला पाणी पुरवणं हे निम्म्या सर्व्हरवर पूर्ण ट्रॅफिक सोडण्यासारखं आहे. पहिल्या वर्षी खत नाही, फक्त पाणी आणि पाला. म्हणजे दादोजींचाच नियम, पहिल्या साली सारा मागायचा नाही.

आणि एक गोष्ट आम्ही न लावता झाली. कढीपत्त्याची मुळं तुटली की तुटलेल्या जागी नवे कोंब फुटतात. ऑगस्टमध्ये चराच्या दोन्ही कडांनी, कोणी फूटपट्टीने आखल्यासारखे, कढीपत्त्याचे अकरा कोंब वर आले. चर नेमका कुठून गेला याचा नकाशा आता कोणत्याही ऑफिसात नसेल, पण आमच्या परसात तो हिरव्या शाईने काढलेला आहे.

स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आणि त्यात मार्केट यार्डाचं स्टेशन आहे. बोगदा खोलवरून जातो, त्याने आमच्या तागाला काही होणार नाही. स्टेशनसाठी मात्र वरून खणावं लागतं, तेव्हा ज्यांच्या दारात ते काम येईल त्यांना एकच सांगणं. खणायच्या आदल्या दिवशी स्वतः उभं राहून वरची हातभर माती वेगळी काढून घ्या, ताडपत्री टाका आणि मुरमाचा ढीग तिच्यापासून लांब करायला सांगा. जेसीबीवाले ऐकतात. पहिल्या चहानंतर तर नक्कीच.

पारिजातकाला या वर्षी फुलं कमी आहेत. आजी पहाटे उठून मोजते. काल सतरा होती. काढून ठेवलेला मुरूम अजून कुंपणाशी पडून आहे, साधारण अर्धा ब्रास, पायवाटेला उत्तम. टेम्पो तुमचा आणायचा.