अलिबागची चुंबकीय वेधशाळा

दोऱ्याने मोकळा टांगलेला पट्टीचुंबक साधारणतः दक्षिणोत्तर दिशेत स्थिर होतो. चुंबकांचे विजातीय ध्रुव एकमेकांना आकर्षितात, तर सजातीय ध्रुव दूर लोटतात. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक असल्याचे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये मांडले. होकायंत्राची सूची दिशा दाखवते, ती यामुळेच.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मात्र क्षीण असून सतत बदलत असते. मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून त्याच्या नोंदी घेण्यात येऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तेथे झाली. तसे वादळ पुन्हा आल्यास उपग्रह आणि वीजवाहिन्यांना धोका संभवतो; त्यामुळे जुन्या नोंदी आजही मोलाच्या आहेत.

तारेतून वीज वाहू लागताच तिच्याभोवतीही चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. मुंबईत विजेवरील ट्राम येणार हे स्पष्ट झाल्यावर नोंदी बिघडण्याची भीती उद्भवली. त्यामुळे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या कार्यकाळात, १९०४ मध्ये, अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळण्यात आले. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्याने मालिका खंडित झाली नाही.