पऱ्हाटीचा भारा आणि हजिऱ्याचा रणगाडा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी ऐन आषाढात भरलेली बैलगाडी रुतली, तर आजोबा बैलांवर हात उगारत नसत. ते खाली उतरून चाकाशी उकिडवे बसत, लोखंडी धाव किती बोटं आत गेली आहे ते चाचपत आणि मग हाक मारत, "पऱ्हाट्या आणा रे!" कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा चाकापुढे अंथरला जाई. काड्या कडाकड मोडत, त्यांच्या फटींतून चिखल वर येई आणि गाडी कण्हत का होईना, पण निघे. ओझं टेकायला जागा अरुंद असेल तर काळी माती ते गिळते, जागा रुंद केली की पेलते. दाबाचं सूत्र मी फळ्यावर पाहिलं त्याच्या कितीतरी आधी ते पऱ्हाट्यांवर पाहिलं होतं.

आता सुरतेतल्या गोडादऱ्यात राहतो. इथल्या गल्ल्यांत धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं दाटीने नांदतात. बहुतेकांचं पोट लूमच्या खात्यावर चालतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तापी जिथे समुद्राला मिळते तिथे, हजिरा आहे. तिथल्या एल अँड टीच्या चिलखती वाहनांच्या कारखान्याचं उद्घाटन 19 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. 'के9 वज्र' ही पट्ट्यांवर चालणारी 155 मिलिमीटरची तोफ तिथे तयार होते. 2017च्या करारातल्या शंभर तोफा 2021पर्यंत सैन्याला मिळाल्या, आणि डिसेंबर 2024 मध्ये 7,628 कोटी रुपयांचा आणखी एक करार झाला. आपल्याच गावच्या वेशीवर असलं यंत्र बनतं, तर त्याचं मूळ कुठलं, असा प्रश्न मला पडला. शोधत गेलो तो थेट चिखलातच पोचलो.

कॅलिफोर्नियातलं स्टॉक्टन. नदीमुखाजवळची भुसभुशीत, काळी, सुपीक जमीन. बेंजामिन होल्ट यांचे वाफेवरचे ट्रॅक्टर तिथे रुतत. त्यांनी चाकं रुंद केली, आणखी रुंद केली, पण यंत्र अवजड होत गेलं आणि रुतणं काही थांबलं नाही. शेवटी नोव्हेंबर 1904 मध्ये त्यांनी मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला. यंत्र आपला रस्ता आपणच पुढे अंथरत आणि मागून गुंडाळत चालू लागलं. आजोबांच्या पऱ्हाट्यांना कुणीतरी गोल फिरवलं, असंच मी त्याकडे पाहतो. तोवर सरकारचा यात एक पैसाही नव्हता.

सरकारी पैसा आला तो 1915 मध्ये, आणि तोही आडवाटेने. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर खंदक आणि काटेरी तारा यांत सैन्यं अडकली होती. ब्रिटिश लष्कराला नव्या गाडीत फारसा रस नव्हता. तेव्हा नौदलाचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी 'लँडशिप्स कमिटी', म्हणजे जमिनीवरच्या जहाजांची समिती, नेमली आणि युद्धखात्याला न विचारता नौदलाच्या तिजोरीतून सुमारे 70,000 पौंड मंजूर केले. समितीचे प्रमुख जहाजं बांधणारे अभियंते होते, आणि काम मिळालं लिंकन गावातल्या शेतीयंत्रांच्या एका कारखान्याला. अमेरिकेहून मागवलेले तयार पट्टे कुचकामी ठरले. त्या कारखान्याचे विल्यम ट्रिटन यांनी नवे पट्टे स्वतः घडवले, आणि ते टिकले. गुपित राखण्यासाठी त्या धुडाला पाण्याची टाकी म्हणायचं ठरलं, तेच 'टँक' हे नाव जगभर चिकटलं. आपल्या मराठीने मात्र ती टाकी बाजूला ठेवून 'रणगाडा' म्हटलं, म्हणजे गाडा हा शब्द राखला, याचा मला आनंद आहे.

20 नोव्हेंबर 1917 रोजी कांब्रेच्या लढाईत ब्रिटिश रणगाडे डोक्यावर काटक्यांचे प्रचंड भारे घेऊन निघाले. खंदक आला की भारा त्यात ढकलायचा आणि त्यावरून पलीकडे जायचं. त्या भाऱ्यांचे फोटो पाहिले तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

इथवर सगळं अंदाजाने चाललं होतं. माती मोजायला अभ्यासक आले ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांची व्हिक्सबर्ग इथे पाण्याचा आणि धरणांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती. तिथे एक साधं अवजार घडलं. एक पोलादी सळई, तिच्या टोकाला तीस अंशांचा शंकू, वर दोन हातांनी धरायची मूठ आणि एक तबकडी. माणसाने सळई सावकाश जमिनीत दाबायची. माती किती विरोध करते ते तबकडीवर दिसतं, आणि त्या आकड्यावरून इथून कुठली गाडी जाईल, किती गाड्या गेल्यावर वाट बसेल, हे सांगता येतं. आजोबांची चाचपणारी बोटं आणि ही सळई एकाच कामाची.

मग मेचिस्वाव बेकर यांनी या मोजमापाचं शास्त्र केलं. हे मूळचे पोलंडचे. युद्धाने देश सुटला, कॅनडाच्या सैन्यात काम केलं, पुढे अमेरिकेत डेट्रॉईटजवळ सैन्याच्या पैशावर चालणारी प्रयोगशाळा आणि मिशिगन विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी ते रमले. दाब वाढला की चाक किती खचेल याचं त्यांचं समीकरण आजही वापरात आहे. 1971 मध्ये चंद्रावर फिरलेल्या गाडीच्या चाकांमागेही त्यांचंच ज्ञान होतं. त्याच मिशिगन विद्यापीठात अमेरिकी सैन्याने 1994 मध्ये वाहन संशोधन केंद्र सुरू केलं. पैसा सैन्याचा, प्रश्न सैन्याचे आणि कारखान्यांचे, उत्तरं शोधणारे प्राध्यापक आणि पीएचडीचे विद्यार्थी, अशी त्याची घडी आहे. सरकार, विद्यापीठ आणि कारखाना या तिघांना वर्षानुवर्षं एका दाव्याला बांधायची रीत तिथे पक्की झाली. आपल्या वज्राची आई 'के9' हीसुद्धा अशाच घरातली. कोरियाच्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने 1989 मध्ये काम हाती घेतलं, सॅमसंगने ती घडवली आणि दहा वर्षांनी ती सैन्यात दाखल झाली.

आपल्याकडे या रीतीचा पहिला माणूस प्राध्यापकच होता. दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे दौलतसिंह कोठारी 1948 मध्ये संरक्षणमंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. दहा वर्षांनी डीआरडीओ ही सरकारी संरक्षण संशोधन संस्था उभी राहिली. तिची वाहनांची शाखा मात्र त्याहून जुनी. रावळपिंडीजवळच्या चकलाला इथे 1929 मध्ये सुरू झालेली वाहनतपासणीची संस्था फाळणीच्या वेळी उठून नगरला, आजच्या अहिल्यानगरला, आली. तीच व्हीआरडीई. तिने टाटांबरोबर घडवलेली आठ चाकांची चिलखती गाडी आता मोरोक्कोतही तयार होते. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या कारखान्याचं उद्घाटन झालं.

मधली वाट मात्र खडतर होती. अर्जुन रणगाड्याला 1974 मध्ये साडेपंधरा कोटी मंजूर झाले, आणि तो सैन्यात यायला 2004 उजाडलं. या तीस वर्षांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला त्या तीस वर्षांबद्दल आदर आहे, कारण रणगाडा कसा रचायचा हे जाणणारी माणसं त्याच काळात चेन्नईजवळच्या आवडी इथे घडली. चुकलं ते वेगळं. विद्यापीठं आणि खासगी कारखाने बराच काळ दाराबाहेर उभे राहिले. ते दार आता उघडलं आहे. 2018 पासून संरक्षण खात्याच्या 'आयडेक्स' योजनेतून नव्या उद्योगांना अनुदान मिळतं. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीची मर्यादा 2022 मध्ये दहा कोटींवरून पन्नास कोटी झाली. खर्चाचा नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलतं, आणि उद्योगाला सोबत विद्यापीठही घेता येतं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाचा चौथा हिस्सा उद्योग, नवउद्योग आणि विद्यापीठं यांच्यासाठी खुला केला गेला.

2020 मध्ये लडाखात गरज पडली तेव्हा चाळीस-सेहेचाळीस टनांचे रणगाडे वर न्यावे लागले. विरळ हवेत इंजिनाचा दम तुटतो, अरुंद वाटांवर वजन नडतं. म्हणून पंचवीस टनांचा 'जोरावर' आखला गेला, 1841 मध्ये तिबेटात धारातीर्थी पडलेल्या डोगरा सेनापतीच्या नावाचा. आवडीच्या सरकारी प्रयोगशाळेने रचना केली आणि एल अँड टीने हजिऱ्यात तो उभा केला. जुलै 2024 मध्ये डीआरडीओचे प्रमुख समीर कामत यांनी तिथे येऊन त्याची पाहणी केली. कामत हे मटेरियल सायन्समध्ये पीएचडी केलेले. वर्गातून प्रयोगशाळेत आणि तिथून कारखान्यात, असा एका माणसाचा प्रवासही या कुळाच्या प्रवासासारखाच आहे. त्याच डिसेंबरात सुमारे 4,200 मीटर उंचीवर जोरावरने अचूक मारा केला.

त्याचं इंजिन मात्र परदेशी आहे. जर्मन इंजिनाची परवानगी रखडली म्हणून अमेरिकी बसवावं लागलं. मार्च 2024 मध्ये म्हैसूरला बीईएमएलच्या कारखान्यात 1500 अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी झाली, ती बातमी मी कापून ठेवली आहे. पैसा ओतायचा तो इथे, आणि दहा-पंधरा वर्षं न कुरकुरता.

आणि मातीतही. 40 टनांचा रणगाडा पट्ट्यांवर उभा राहिला की दर चौरस सेंटीमीटरला किलोभराच्या आतबाहेर दाब येतो, मोटारीच्या चाकाखाली तो दोन किलोंच्या आसपास असतो. पण हा दाब पेलणारी आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि आषाढात त्याच जागी लोण्यासारखी होते. नगरपासून राहुरीचं कृषी विद्यापीठ पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे या मातीचा अभ्यास दशकानुदशकं चालला आहे, आणि इकडे व्हीआरडीईत गाड्यांची परीक्षा होते. गावोगावच्या मातीचे, महिन्यामहिन्याचे आकडे एकाच वहीत यावेत, त्यासाठी राहुरीच्या एखाद्या पोराला संरक्षण खात्याची शिष्यवृत्ती मिळावी, त्याने ती शंकूची सळई घेऊन तापीकाठच्या शेतांतून फिरावं, असं मला फार वाटतं. आमच्या बांधावर तो आला तर कुठे दाबून बघायचं ते मी दाखवीन. ओढ्याच्या अलीकडे, जिथे गाडी दर आषाढात रुतायची तिथे.